किल्ली कुणाच्या कमरेला?

(तालुक्याच्या गावी समुपदेशक म्हणून काम करणाऱ्या एका ताईंचं पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देत आहोत.)

मुलगा पुण्यात नोकरीला लागला आणि त्याने आईला हप्त्यांवर ॲपल कंपनीचा आयफोन घेऊन दिला. त्याचा जुना आयपॅड घरी होताच. तो हॉलमध्ये असतो, सगळेच वापरतात. आता ताईंच्या विंडोज १० च्या लॅपटॉपने मान टाकली आहे. मुलगा म्हणतो, "आई, मॅकबुकच घे. सगळं एका कंपनीचं झालं की प्रायव्हसीची कटकट मिटली." ताईंच्या थोरल्या भावाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तो म्हणतो, "त्या पिंजऱ्यात कशाला शिरतेस? मी मशीन जोडून देतो, विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देतो." यजमान म्हणतात, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?" अशात महिन्यापूर्वी हॉलमधल्या आयपॅडवर ताईंच्या एका क्लायंटचा मेसेज उमटला आणि सासूबाईंकडे आलेल्या शेजारणीने तो वाचला. गाव लहान आहे. ताई विचारतात, "मी ऐकू कुणाचं? सगळं एकाच कंपनीचं घेतलं तर माझ्याकडे येणाऱ्यांच्या गोष्टी खरंच सुरक्षित राहतील?"

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन माणसांची तीन मतं आहेत. ती वाचून झाल्यावरही मला शेजारीणच डाचत राहिली. हॅकर नाही, सरकार नाही, अमेरिकेतली कंपनी नाही. गोष्ट फुटली ती तुमच्या टीपॉयवर. आणि त्यात बिघाड काहीच नव्हता. फोन आणि आयपॅड दोन्हींवर तुमचं एकच खातं, म्हणून एकाकडे आलेला मेसेज दुसऱ्याने इमानेइतबारे दाखवला. मुलगा ज्याला "सगळं एकत्र" म्हणतोय ना, ते हेच.

जुन्या वाड्यांत घरच्या कर्त्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. कुलूप किती भक्कम हा प्रश्न चोरासाठी. घरातल्या कुणाला काय दिसणार, हे त्या जुडग्यावर ठरायचं. मुलगा आणि भाऊ, दोघंही तुमच्याशी कुलपांबद्दल बोलताहेत. कुलपं दोघांचीही चांगली आहेत, तेव्हा आधी तेच बघू.

मुलाचं म्हणणं हवेतलं नाही. १९८४ मध्ये पहिला मॅकिंटॉश आला तेव्हापासून यंत्र आपलं आणि त्यावर चालणारी प्रणालीही आपलीच, हा ॲपलचा हट्ट आहे. मध्ये १९९५ च्या सुमारास दुसऱ्या कंपन्यांना मॅकसारखी यंत्रं बनवायचे परवाने दिले होते, ते स्टीव्ह जॉब्स परत आल्यावर १९९७ मध्ये गुंडाळले. तेव्हा हा हट्ट देखणेपणासाठी होता आणि गल्ल्यासाठी. खासगीपणाचं फळ त्याला बरंच उशिरा लागलं. २०१३ च्या आयफोन ५एसमध्ये मुख्य चिपच्या आतच एक वेगळी खोली बांधली. तिला म्हणतात सिक्युअर एन्क्लेव्ह. चिप बनतानाच या खोलीत एक गुप्त आकडा कोरला जातो. तो प्रत्येक फोनचा वेगळा असतो, खुद्द कंपनीकडेही त्याची नोंद नसते. तुमचा पासकोड आणि हा आकडा एकत्र आल्याशिवाय फोनमधलं उलगडत नाही. त्यामुळे कुणी फोन उघडून त्यातली साठवणीची चिप खरवडून काढली आणि दुसरीकडे जोडली, तरी हाती लागतो तो नुसता भुसा. पासकोड चुकत गेला की पुढच्या प्रयत्नाला किती वेळ थांबायचं, हेही ही खोलीच ठरवते. तुमच्या चेहऱ्याचा नकाशा याच खोलीत राहतो. तो कंपनीच्या सर्व्हरवर जात नाही. चिप, प्रणाली आणि फोन एका हाताखाली असल्याशिवाय हे इतकं घट्ट बसवणं कठीण.

तुमच्या कामाशी थेट जुळणारी एक गोष्ट मॅकबुकमध्ये आहे, ती दुकानदार सांगत नाहीत. अलीकडच्या मॅक लॅपटॉपचं झाकण मिटलं की मायक्रोफोन तारेपासूनच तुटतो. सॉफ्टवेअरने बंद होणं वेगळं आणि हे वेगळं. कुठलाही प्रोग्रॅम, अगदी प्रणालीवर ताबा मिळवलेलासुद्धा, मिटलेल्या झाकणातून ऐकू शकत नाही. समोर माणूस रडत असताना टेबलावरचा लॅपटॉप मिटलेला असला तर तो खरोखर बहिरा असतो. मला हे फार आवडतं.

आता भाऊ. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी आणला तो बाजारात मिळणारे सुटे भाग जोडून. नकला करणारे पुढे आले आणि त्यातूनच सुटे भाग घेऊन मशीन जोडायचा धंदा जगभर उभा राहिला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड त्याच्यावर जगला, तुमच्या भावाचं दुकानही. त्या परंपरेचा मोठा गुण म्हणजे यंत्र तुमचं असतं. हार्ड डिस्क काढा, दुसऱ्याला जोडा, रॅम वाढवा. लिनक्स बसवतानाच पूर्ण डिस्क सांकेतिक करायची, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करायची, सोय असते आणि ती उत्तम आहे. मात्र एक विचारते. ती डिस्क उघडायचा पासवर्ड कोण टाकणार? "तू टेन्शन घेऊ नको, मी सेट करून देतो" असं दादा प्रेमाने म्हणाला, तर जुडगा दादाच्या कमरेला गेला. तो विश्वासाचा आहे, मान्य. पण तुमच्याकडे येणाऱ्यांनी विश्वास तुमच्यावर टाकलाय, दादावर नाही.

नवीन विंडोज लॅपटॉपचा पर्यायही आहेच, एका ओळीत उरकते. त्यात डिस्क सांकेतिक करण्याची सोय आहे, पण मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून ती चालू केलीत की डिस्क सोडवायची किल्ली बहुधा त्याच खात्यात जाऊन बसते. आणि विंडोज १० चं नेहमीचं पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, तेव्हा जुन्यावर क्लायंटच्या नोंदी ठेवण्याचा मोह नको.

मग मुलाच्या बोलण्यात खोट कुठे आहे? फोनच्या आतलं कुलूप आणि ढगातलं, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर साठवलेल्या गोष्टींचं, कुलूप तो एकच समजतोय, तिथे.

डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत सान बर्नार्डिनो इथे गोळीबार झाला. हल्लेखोराचा आयफोन उघडून द्या, असा आदेश न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये ॲपलला दिला. कंपनीने ठाम नकार दिला, जगभर गाजावाजा झाला आणि मार्चमध्ये एफबीआय या तिथल्या तपास यंत्रणेने दुसऱ्याच कुणाच्या मदतीने फोन उघडून दावा मागे घेतला. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. हे मात्र फारसं कुणी सांगत नाही की त्याच माणसाचा आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ढगात, पडलेला जुना बॅकअप कंपनीने तपास यंत्रणेला आधीच दिला होता. त्यात लबाडी नव्हती. फोनची किल्ली कंपनीकडे नव्हती आणि बॅकअपची होती, इतकंच. कायदेशीर कागद आला, दिली.

तुमच्या फोनचंही आज तेच आहे. मूळ सेटिंगमध्ये पासवर्ड आणि आरोग्याची माहिती यांसारख्या काही गोष्टी सोडल्या, तर आयक्लाउडवरचे फोटो, नोट्स आणि अख्खा बॅकअप यांची किल्ली कंपनीकडेही असते. आयमेसेज, म्हणजे ॲपलच्या यंत्रांमधले आपापसातले मेसेज, वाटेत कुणाला वाचता येत नाहीत हे खरं. पण ते उलगडायची किल्ली बॅकअपच्या गाठोड्यात बांधलेली असते, म्हणजे दाराला कुलूप घालून किल्ली पायपुसण्याखाली ठेवल्यासारखं झालं. डिसेंबर २०२२ मध्ये यावर उपाय आला, नाव 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन'. तो चालू केला की किल्ली फक्त तुमच्या यंत्रांवर उरते. तो आपणहून चालू होत नाही, करावा लागतो, आणि माझ्या ओळखीत दहा आयफोनवाल्यांपैकी नऊ जणांनी हे नावही ऐकलेलं नाही.

आणि दिलेलं कुलूप काढूनही घेता येतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारच्या दबावानंतर कंपनीने ही सोय त्या देशात बंद केली. तिकडे लंडन-लेस्टरला राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना नव्याने ती चालू करता येईना. चीनमधल्या वापरकर्त्यांचा आयक्लाउड तर २०१८ पासून तिथल्याच एका कंपनीच्या हाती आहे. यंत्र तेच, प्रणाली तीच, सरहद्द बदलली की जुडगा बदलतो. सगळं एका हाताखाली असण्याची ही दुसरी बाजू. त्या एका हाताला पिरगाळता येतं.

कंपनी स्वतः कशी वागते, हाही प्रश्न उरतोच. जुलै २०१९ मध्ये बातमी फुटली की सिरीने, म्हणजे आयफोनमधल्या हाकेला ओ देणाऱ्या मदतनिसाने, टिपलेले आवाजाचे तुकडे दर्जा तपासणीसाठी कंत्राटी माणसं ऐकतात. कुणी न हाक मारता सिरी चुकून जागी झालेली असायची आणि त्या तुकड्यांत डॉक्टर-पेशंटचं बोलणंही असायचं. कंपनीने माफी मागितली, पद्धत बदलली, आता हे ऐकणं तुमच्या परवानगीवर आहे. पण सेशनच्या वेळी तुमचा फोन कुठे असतो हो? टेबलावर, घड्याळ म्हणून? भिंतीवर साधं घड्याळ लावा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

मॅकसुद्धा माहेरी सतत निरोप धाडत असतो. १२ नोव्हेंबर २०२० ला मॅकची नवी प्रणाली आली, त्या दिवशी जगभरातल्या कितीतरी मॅकवर साधे प्रोग्रॅम उघडेनात. प्रोग्रॅम उघडताना त्याच्या निर्मात्याचं प्रमाणपत्र अजून खरं आहे का, हे मॅक कंपनीच्या सर्व्हरला विचारतो. त्या दिवशी सर्व्हर थकला आणि यंत्रं उत्तराची वाट पाहत बसली. शिवाय ती विचारणा उघड्या पोस्टकार्डासारखी जात होती, हेही तेव्हाच लोकांच्या लक्षात आलं. कंपनीने पुढे सुधारणा जाहीर केल्या. घातक प्रोग्रॅमपासून राखण करायची तर अशी विचारपूस लागते, हे मलाही पटतं. तरी आपलं यंत्र कुणाला काय विचारतं हे एक दिवस ते अडलं म्हणून कळावं, हे मला खटकलं होतं.

जाता जाता माझंच एक दुखणं सांगते. माझ्या एका लॅपटॉपवर (कंपनी कुठली ते राहू दे) चहा सांडला. अर्धा कपसुद्धा नव्हता. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं तर साठवणीची चिप मदरबोर्डलाच डाखलेली. काढून दुसरीकडे जोडायचा मार्गच नव्हता. अडीच महिन्यांचं लिखाण गेलं. चोराला जी चिप काढून उपयोग नाही, ती मालकिणीलाही काढून उपयोग नाही. मॅकबुक घेतलंत तर हे पहिल्या दिवसापासून ध्यानात असू द्या. त्यासोबत एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, टाइम मशीनचा (मॅकमधल्याच बॅकअपच्या सोयीचा) बॅकअप सांकेतिक करून त्यावर ठेवा आणि डिस्क कपाटात कुलपात. त्या कपाटाची किल्ली खरोखरच तुमच्या कमरेला.

यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तुमच्या घरात लपवण्यासारखं काही नसेलही. पण त्या फोनमध्ये जे आहे ते तुमच्या घरचं नाही. लोक विश्वासाने तुमच्याकडे ठेवून गेलेली ती ठेव आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिलाय आणि उपचार करणाऱ्यांवर ती राखायची जबाबदारी टाकलीय. हे त्यांना दाखवा. नवऱ्यांना कलम दाखवलेलं लवकर पटतं, असा माझा अनुभव आहे.

आता करायचं काय. आयपॅडवरचं तुमचं खातं काढून टाका, आजच. आयपॅडवर घरातल्या माणसांसाठी वेगवेगळे कप्पे करता येत नाहीत, ज्याचं खातं त्याचंच सगळं. तिथे मुलाचं खातं टाका किंवा घरासाठी नवं उघडा. 'फॅमिली शेअरिंग'मध्ये खाती वेगळी ठेवूनही विकत घेतलेल्या गोष्टी आणि जागा वाटून वापरता येते, म्हणजे खर्च वाढेल ही भीती नको. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर तुमचं नाव आहे, त्यावर टेकवा आणि खाली सरकत जा. त्या खात्याला जोडलेली सगळी यंत्रं तिथे दिसतात. मुलाचा जुना फोन तिथे निघाला तर दचकू नका, काढून टाका. फोन लॉक असताना पडद्यावर येणाऱ्या सूचनांमधला मजकूर दिसणार नाही, असंही करून ठेवा.

हे झालं की आयक्लाउडमध्ये शिरून 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' चालू करा. मात्र घाईत नको. किल्ली फक्त तुमच्याकडे, याचा अर्थ हरवली तर कंपनीही हात वर करणार. म्हणून ते आधी विचारतं, अडचणीत मदत करणारं माणूस कोण? तिथे दादाचं नाव द्या, त्याच्याकडे आयफोन किंवा आयपॅड असेल तर. त्याला तुमचं काहीही दिसत नाही, अडल्यावर तो फक्त एक कोड सांगू शकतो. भावाच्या प्रेमाला यापेक्षा बरी जागा मला सुचत नाही. सोबत २८ अक्षरांची एक रिकव्हरी कीही करून घेता येते. ती कागदावर लिहा, फोनमध्ये तिचा फोटो काढू नका (हसू नका, लोक काढतात) आणि दागिन्यांच्या डब्यात ठेवा.

एवढं केलं तरी मेल, कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडर या तीन गोष्टी या संरक्षणात येत नाहीत. जगातल्या बाकीच्या यंत्रणांशी त्यांना बोलावं लागतं म्हणून. तुमच्या व्यवसायात तर गळती नेमकी इथेच होते. फोनबुकात "अमुक वहिनी – डिप्रेशन" किंवा "तमुक, नवरा दारू" असं सेव्ह केलेलं मी पाहिलंय. कॅलेंडरमध्ये "४ वाजता, घटस्फोट केस" असंही. ताई, तुम्ही असं करत असाल तर थांबवा. कॅलेंडरमध्ये नुसता क्रमांक, "क्र. १७, ४ वाजता". सतरा कोण, हे एका वहीत, आणि वही त्याच कपाटात. हे सगळ्यांनाच लागू आहे. डॉक्टर, वकील, शिकवणी घेणाऱ्या बाई, कुणीही असा, यंत्र कुठल्याही कंपनीचं असो.

नोंदी फोनच्याच नोट्समध्ये लिहीत असाल तर ती नोट लॉक करा, लॉक केलेली नोट कंपनीलाही वाचता येत नाही. पण यादीत तिचं शीर्षक दिसतंच, आणि पहिली ओळ हेच शीर्षक असतं. तिथे नाव नको, क्रमांक. व्हॉट्सॲपवर क्लायंट बोलत असतील तर त्याच्या चॅट बॅकअपमध्ये एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शनचा, म्हणजे किल्ली फक्त तुमच्याकडे ठेवण्याचा, वेगळा पर्याय आहे. तोही बहुतेकांचा बंदच असतो. वहीच्या पानांचे फोटो तर काढूच नका. फोटो सगळ्यांत भटके. ते कधी कुठल्या पडद्यावर आठवण म्हणून उगवतील, नेम नाही.

राहिला लॅपटॉप. फोन आयफोन आहेच आणि लिनक्सची मशागत करायला तुम्हाला वेळ नाही, असं पत्रावरून वाटतं. परवडत असेल तर मॅकबुक घ्या, पण त्यावर घरातल्या इतरांसाठी वेगळा युझर करा आणि फाइलव्हॉल्ट (मॅकची डिस्क सांकेतिक करायची सोय) चालू आहे ना, ते स्वतः बघा. पैशांची ओढाताण होणार असेल तर दादाचं मशीन अजिबात कमी प्रतीचं नाही. फक्त पासवर्ड तुम्ही टाकायचा, आणि त्या वेळी दादाने चहा प्यायला बाहेर जायचं. मुलगा काय म्हणेल याची काळजी नको, त्याने दिलेला फोन तुम्ही त्याच्यापेक्षा नीट वापरत असाल. जुना लॅपटॉप मोडीत किंवा एक्स्चेंजमध्ये देण्याआधी त्याची डिस्क दादाकडून पूर्ण पुसून घ्या, तुमच्या डोळ्यांदेखत.

एक गोष्ट पत्रात कुठेच नाही. ज्या व्यक्तीचा मेसेज शेजारणीने वाचला, तिला तुम्ही सांगितलंत का? बहुधा नाही. ते अवघड आहे, आणि कदाचित ती यायचं बंद करेल. पण शेजारणीकडून फिरत फिरत तिच्या कानावर गेलं, तर ती दुसऱ्या कुणाकडेही जाणार नाही. तिला भेटीत सांगा, फोनवर नको. काय झालं, कुणी वाचलं, किती वाचलं, तेवढंच. कंपनीवर, मुलावर, सासूबाईंवर ढकलू नका. ती बहुतेक विचारेल, "आता परत नाही ना होणार?" तेव्हा तिला काहीतरी खरं सांगता यावं, म्हणून भेटीच्या आधी आयपॅडचं उरकून घ्या.